पुस्तक आलंय, ठेवून देऊ का?

आमच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर डाव्या हाताला एक लांबट वही असते. तिला आम्ही मागणीवही म्हणतो. हवं असलेलं पुस्तक बाहेर गेलेलं असलं की वाचक त्या वहीत पुस्तकाचं नाव, आपला सभासद क्रमांक आणि तारीख लिहून जातो. पुस्तक परत आलं की आम्ही ते बाजूला काढून ठेवायचं आणि तो वाचक पुन्हा कधी आला की त्याच्या हातात द्यायचं, अशी पद्धत. १९ वर्षांपूर्वी मी इथं सहायक म्हणून लागले तेव्हा ही वही होती. आज मी ग्रंथपाल आहे आणि वही अजून तिथंच आहे.

या पद्धतीत पुस्तक आल्याचं वाचकाला कळायला काही वाटच नव्हती. २०१८ च्या पावसाळ्यातली गोष्ट. जवळच्या एका गावातून एक आशा सेविका आमच्याकडे यायच्या, अकरा किलोमीटर एसटीने. एका मोठ्या कादंबरीचा पहिला भाग वाचून झाला होता आणि दुसरा हवा होता. तीनदा आल्या, तिन्ही वेळा तो बाहेर. तिसऱ्या खेपेला त्या काही बोलल्या नाहीत. वहीत पुन्हा नाव लिहिलं, कोपऱ्यातली छत्री उचलली आणि स्टँडकडे गेल्या. त्यांचं जाण्यायेण्याचं तिकीट, लसीकरण आणि घरभेटींतून काढलेला त्यांचा अर्धा दिवस, सगळं वाया गेलं होतं. मला ते फार लागलं. सभासद अर्जावरून त्यांचा नंबर काढून ठेवला आणि चार दिवसांनी पुस्तक परत आल्यावर माझ्याच मोबाइलवरून लिहिलं, 'ताई, पुस्तक आलंय, ठेवून देऊ का?'

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'हो मॅडम ठेवा. शनिवारी येते.'

वाचनालयाने सोशल मीडिया कसा वापरावा, हा विषय हल्ली कुठेही निघतो. तालुक्यातल्या गावोगावच्या वाचनालयांचे सेवक एकत्र भेटले की निघतोच. मी दर वेळी या एका मेसेजपासून सुरुवात करते, कारण मला या विषयात जे काही कळलं ते इथूनच कळलं. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ते आम्हाला परीक्षेसाठी पाठ करावे लागतात आणि १२ ऑगस्टला त्यांच्या फोटोला हार घालताना कोणीतरी ते वाचून दाखवतं. त्यातला चौथा नियम आहे, वाचकाचा वेळ वाचवा. तो नियम माझ्या हातून पहिल्यांदा नीट पाळला गेला तो त्या सहा शब्दांच्या मेसेजने.

आमचं वाचनालय सांगली जिल्ह्यात, एका तालुक्याच्या गावी आहे. खाली मुक्तद्वार वाचनकक्ष, तिथं सकाळी आठपासून वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांची गर्दी. वर देवघेव, बालविभाग आणि मागच्या बाजूला स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अभ्यासिका. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळणारी जी हजारो वाचनालयं राज्यात आहेत, त्यांतलंच हे एक. सेवक मोजके, पगार तुटपुंजे, कपाटं मात्र भरलेली.

फेसबुकवर आमचं पान आधीपासून होतं. एका उत्साही कार्यकर्त्याने ते काढून दिलं होतं. त्यावर वर्षभरात जे फोटो चढले ते सगळे एका घाटाचे : व्यासपीठ, मागे फलक, पाहुण्यांच्या हातात शाल आणि नारळ. हे फोटो लागतात, नाही असं नाही. वार्षिक अहवालाला लागतात, कार्यक्रम झाल्याचा पुरावा म्हणून लागतात, आणि ज्यांनी देणगी दिली त्यांचा मान राखायलाच हवा. पण दोन वर्षांचं पान मी एकदा बसून वरपासून खालपर्यंत पाहिलं, तेव्हा त्यावर एकाही वाचकाने एकाही पुस्तकाबद्दल विचारलेलं नव्हतं. विचारणार तरी कसं? त्या पानावर पुस्तकच नव्हतं.

मग तो कार्यकर्ता नोकरीसाठी बाहेरगावी गेला. पानाचा पासवर्ड त्याच्या जुन्या फोनबरोबर गेला. ते पान अजूनही तसंच उघडं आहे, त्यावर आमची जुनी वेळ दिसते, आणि ती पाहून कोणीतरी अजूनही बंद दाराशी येऊन उभं राहतं. म्हणून नवीन सुरुवात करताना मी कार्यकारिणीकडे पहिली मागणी केली ती वाचनालयाच्या नावाच्या सिमकार्डाची. साधा फोन, वाचनालयाचा नंबर, पासवर्ड दप्तरात लिहिलेला, दोन विश्वस्तांना ठाऊक असलेला. मी उद्या निवृत्त झाले तरी तो नंबर टेबलावरच राहील. पावतीवर आणि पुस्तकाच्या आतल्या लेबलवर आता तोच छापलेला असतो.

व्हॉट्सॲपवर आमची पहिली चूक फार मोठी होती आणि ती माझी होती. मी सरळ सभासदांचा एक ग्रुप केला. पहिले आठ दिवस छान गेले. नव्या पुस्तकांचे फोटो टाकले, लोकांनी वाचलेल्याबद्दल लिहिलं. मग सकाळची फुलं सुरू झाली, मग निवडणुकीचे मेसेज, मग दोन सभासदांची भांडणं. तेही निस्तरता आलं असतं. पण ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, याचा मी विचारच केला नव्हता. अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलीला त्या यादीतून नंबर घेऊन कोणीतरी रात्री मेसेज करायला लागलं. तिने मला महिनाभर सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ती सभासदत्व सोडून अनामत परत घ्यायला आली होती. त्या माणसाला आम्ही काढून टाकलं, त्याच संध्याकाळी ग्रुप बंद केला, त्या मुलीच्या घरी जाऊन मी माफी मागितली. ती काही परत आली नाही. तिने वाचनालयाला नंबर दिला होता तो पुस्तकासाठी, आणि तो मी गावासमोर मांडून ठेवला. पूर्वी सभासद नोंदवही कुलपात असायची. ते कुलूप मोबाइलवरही लागतंय की नाही हे पाहणं माझं काम होतं.

त्यानंतर आम्ही ब्रॉडकास्ट यादीवर आलो. त्यात मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो, उत्तर फक्त आपल्याकडे येतं, कोणाचा नंबर कोणाला दिसत नाही. तिच्या दोन अडचणी आहेत. एका यादीत २५६ च माणसं बसतात, आणि ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच मेसेज पोचतो. हे दुसरं आम्हाला कळायला वेळ लागला. अर्ध्या लोकांना काही मिळतच नव्हतं. आता सभासद होताना पावती देतानाच आम्ही म्हणतो, 'आमचा नंबर लगेच सेव्ह करा, आणि एकदा हाय पाठवा.' टेबलापाशीच ते करून घेतो. आजी-आजोबा असतील तर आमच्या मावशी त्यांच्या फोनवर करून देतात. विषयवार तीन याद्या आहेत : कथा-कादंबऱ्या, बालविभागाचे पालक, आणि अभ्यासिका. ज्याला जे नको ते त्याला जात नाही. अलीकडे सूचनांसाठी कम्युनिटीही केली आहे, कारण तिच्या घोषणांच्या गटात सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. बिझनेस ॲपमध्ये लेबलं लावता येतात, त्यातलं आमचं सगळ्यात वापरातलं लेबल आहे 'मागणी'. म्हणजे पुन्हा ती लांबट वहीच.

नव्या पुस्तकांचे फोटो कसे काढायचे, हे शिकायलाही वर्ष गेलं. सुरुवातीला मी मुखपृष्ठं ओळीने मांडून, वरून फुलाफुलांची चौकट लावून टाकायची. लोक अंगठा दाखवायचे आणि विसरायचे. एकदा घाईत खिडकीपाशी पुस्तकं आडवी रचलेली होती, तशीच त्यांच्या पाठींचा फोटो टाकला. नावं स्वच्छ वाचता येत होती. त्या संध्याकाळी तेवीस जणांनी त्यातलं अमुक ठेवा, तमुक ठेवा म्हणून कळवलं. वाचनालयात कपाटासमोर मान वाकडी करून उभं राहायची सवय असलेल्या माणसाला पुस्तकाची पाठ हीच ओळखीची बाजू आहे. तेव्हापासून आम्ही पाठींचे फोटो टाकतो, उजेड खिडकीचा, आणि खाली प्रत्येक पुस्तकाबद्दल दोन ओळी. या ओळी मलपृष्ठावरून उतरवायच्या नाहीत असा मी नियम केला आहे. किती पानांचं आहे, अक्षर बारीक आहे की मोठं, झोपण्याआधी पाच-पाच पानं वाचणाऱ्याला जमेल की सलग बसावं लागेल, हे लिहायचं. अक्षर मोठं असल्याचं लिहिलं की साठीच्या पुढचे वाचक हमखास विचारतात. आणि वेळ रात्री सव्वानऊची. जेवणं उरकलेली असतात, भांडी घासून झालेली असतात, बायकांच्या हातात फोन तेव्हा येतो.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत. तिथलं सार्वजनिक ग्रंथालय ट्विटरमुळे (आताचं एक्स) जगभर ओळखीचं झालं. बेटांची वस्ती आमच्या तालुक्यापेक्षाही लहान. भाचीने मला ते खातं दाखवलं तेव्हा मी एकापाठोपाठ एक वाचत गेले. तिथं संस्थेची भाषा नाही, टेबलामागे बसलेल्या माणसाची भाषा आहे. आमच्या सूचनांमधलं 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की' मी त्या दिवसापासून काढून टाकलं.

आता ज्यात माझा जीव सगळ्यात जास्त आहे ते सांगते.

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी आम्ही तारखेची चिठ्ठी चिकटवतो. दर देवघेवीला तिच्यावर शिक्का बसतो. कपाटं झाडताना मी ती चिठ्ठी पाहते. काही पुस्तकांवर शेवटचा शिक्का १९९८ चा आहे, काहींवर २००३ चा. काहींच्या चिठ्ठ्या कोऱ्या आहेत. पुस्तक आलं, दाखल झालं, दाखल अंक पडला, आणि कोणाच्या घरी कधी गेलंच नाही. रंगनाथनांचा तिसरा नियम म्हणतो, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. त्या कोऱ्या चिठ्ठ्या मला नेहमी टोचत आल्या.

म्हणून दर शुक्रवारी मी एक असं पुस्तक काढते आणि त्याच्या मुखपृष्ठाचा नाही, त्या चिठ्ठीचा फोटो टाकते. 'शेवटचा शिक्का : १४ जून १९९९. या पुस्तकात विहिरींचं बांधकाम कसं करायचं ते सांगितलंय. पाने १३२.' बस, एवढंच. हे विहिरींचं पुस्तक तासगाव रस्त्यावरच्या एका द्राक्ष बागायतदाराने दुसऱ्याच दिवशी नेलं. त्याच्या आजोबांनी बांधलेल्या दगडी विहिरीची एक बाजू ढासळली होती आणि गवंड्याला जुनी बांधणी कळत नव्हती. जादूटोणा नाही यात. पुस्तक आमच्याकडे होतं, गरज त्याच्याकडे होती, मधला निरोप तेवढा कोणी दिला नव्हता. गेल्या चार वर्षांत शुक्रवारच्या पुस्तकांपैकी निम्म्याहून जास्त कोणी ना कोणी नेली आहेत. जी गेली नाहीत ती मी वर्षाने पुन्हा टाकते.

कविता ओळखण्याचं काम आम्ही मागून घेतलं नव्हतं, ते चालत आलं. मोठ्या कवींच्या नावाने कुठल्याही ओळी फिरतात हे सगळ्यांना माहीत आहे. एका निवृत्त शिक्षकांनी असाच एक मेसेज मला पाठवला : 'मॅडम, शाळेच्या कार्यक्रमात ही कविता वाचायची आहे. नाव खाली दिलंय त्यांचीच आहे ना?' मी त्या कवीचे आमच्याकडचे सगळे संग्रह काढले, पहिल्या ओळींची सूची पाहिली, जिथं सूची नव्हती तिथं पानं उलटली. नव्हती. लिहिणाऱ्याची शब्दकळाही त्या कवीची वाटत नव्हती, पण वाटण्यावर मी उत्तर देत नाही. मी लिहिलं, 'आमच्याकडे त्यांचे सहा संग्रह आहेत, त्यांत ही कविता सापडली नाही.' सापडली नाही आणि त्यांची नाही, या दोन वाक्यांत फरक आहे. ग्रंथपालाने पहिलं म्हणावं, आणि किती ठिकाणी पाहिलं ते सांगावं. गुरुजींनी त्याच कवीची दुसरी, छापलेली कविता वाचली आणि मेसेज जिथून आला होता तिथं माझं उत्तर परत पाठवलं. आता आठवड्याला दोन-तीन तरी अशा विचारणा येतात. मोठ्या शहरातल्या संदर्भ विभागात जे काम चालतं ते आमच्या तालुक्यात या खिडकीतून सुरू झालं. कविता सापडली तर पुस्तकाचं नाव आणि पृष्ठ क्रमांक देते, आणि शेवटी लिहिते, 'पुस्तक कपाटात आहे, ठेवून देऊ का?'

पीडीएफचं मात्र मला कठोर व्हावं लागतं. 'मॅडम, अमक्याची पीडीएफ आहे का?' हा प्रश्न रोज येतो, आणि विचारणारे चांगले लोक असतात, त्यांना यात काही चूक वाटत नाही. मी समजावून सांगते. आपल्या कायद्यात लेखकाच्या हयातीनंतर, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांना खुलं आहे, त्यामुळे ते मी आनंदाने पाठवते. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकांवरचे हक्क २०३६ च्या अखेरपर्यंत आहेत, ते पाठवणार नाही. मराठीत पुस्तकाची आवृत्ती हजार-पाचशे प्रतींची असते. तिची पीडीएफ चार ग्रुपांवर गेली की दुसरी आवृत्ती निघत नाही. पुस्तकांवर ज्या संस्थेचं पोट आहे तिनेच हे करायचं? त्याऐवजी मी खुले मार्ग सांगते : मराठी विश्वकोश संकेतस्थळावर पूर्ण वाचायला मिळतो, साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी प्रकाशनं मंडळाच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात, विकिस्रोतावर जुनं मराठी साहित्य आहे. करोनात दार बंद होतं, मार्च २०२० पासून थेट १५ ऑक्टोबरला वाचनालयं उघडायची परवानगी मिळेपर्यंत. ते सगळे महिने आम्ही यावरच काढले. रोज एक दुवा, आणि हक्क संपलेल्या जुन्या गोष्टी मी स्वतःच्या आवाजात आठ-दहा मिनिटांच्या करून बालविभागाला पाठवायची.

महापुराचंही सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, सांगली नगर वाचनालयात शिरलं, हजारो पुस्तकं भिजली. दीडशे वर्षं जमवलेलं ते धन चिखलात पाहून इथं आम्हाला जेवण गेलं नव्हतं. आमच्या तालुक्यातल्या नदीकाठच्या शाळांची कपाटंही गेली. आम्ही फेसबुकवर आवाहन टाकलं, 'शाळांसाठी पुस्तकं द्या.' पोती भरून आली. त्यात जुनी गाईड होती, बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं होती, पानं नसलेल्या रहस्यकथा होत्या. देणाऱ्यांचा भाव खरा होता, चूक आमच्या शब्दांत होती. दुसऱ्यांदा आम्ही शाळेतल्या मुलांना विचारून ६० पुस्तकांची नावानिशी यादी टाकली, प्रत्येकासमोर किती प्रती हव्या ते लिहिलं, आणि जे मिळालं त्यावर रोज रेघ मारून यादी पुन्हा टाकत गेलो. बारा दिवसांत यादी पुरी झाली. कोणी पुण्याहून कुरिअर केलं, कोणी ठाण्याहून, एका जोडप्याने दुबईतून एका दुकानात पैसे भरून परस्पर पाठवलं.

इन्स्टाग्राम अभ्यासिकेतली मुलं सांभाळतात. मुखपृष्ठावरचा चेहरा आपल्या चेहऱ्यासमोर धरून फोटो काढायचा एक प्रकार जगभरच्या ग्रंथालयांत चालतो, तो त्यांनी आणला. जुन्या मराठी मुखपृष्ठांवर चेहरे फार सुंदर रंगवलेले असत, त्यामुळे ते फोटो देखणे येतात. मी फक्त एवढं पाहते की लहान मुलांचा फोटो पालकांनी लिहून दिल्याशिवाय जात नाही.

आणि कोण काय वाचतं हे आम्ही कुठंही सांगत नाही. एका गृहस्थांनी वाचनालयाच्या नंबरवर विचारलं होतं, 'आमच्या मिसेस हल्ली कोणती पुस्तकं नेतात?' मी लिहिलं, 'कार्ड त्यांच्या नावाचं आहे, त्यांनाच विचारा.' ते रागावले, कार्यवाहांकडे तक्रार केली. कार्यवाह माझ्या बाजूने उभे राहिले, त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे. पुस्तकं थकवणाऱ्यांची नावं जाहीर टाकायची सूचनाही एका सभेत आली होती. मी नाही म्हटलं. थकबाकीची आठवण ज्याची त्याला, एकट्याला. 'काका, पुस्तकाची तारीख झालीय, वाचून व्हायचं असेल तर वाढवून देते.' एवढं लिहिलं की बहुतेक जण दोन दिवसांत आणून देतात.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी खरं तर आज लिहायला बसले.

आमच्या संदर्भ विभागात 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री' मासिकांचे बांधीव खंड आहेत. किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यातली. शंकरराव किर्लोस्करांनी तिथून १९२० मध्ये पहिलं मासिक सुरू केलं आणि १९३० मध्ये 'स्त्री'. आमच्याकडे ते अंक वर्गणीने येत असत आणि त्या वेळच्या ग्रंथपालांनी ते वर्षावर्षाने बांधून घेतले. गेल्या वर्षी वाळवीचं औषध मारायला ते खंड बाहेर काढले तेव्हा मी 'स्त्री'च्या काही जाहिरातींचे आणि वाचकांच्या पत्रांच्या सदराचे फोटो फेसबुकवर टाकले. खाली लिहिलं, 'यात तुमच्या घरातलं कोणी आहे का?'

तीन आठवड्यांनी पुण्याहून एका मुलीचा मेसेज आला. तिच्या आजी ९२ वर्षांच्या, माहेर आमच्या तालुक्यातलं. फोटो पाहून आजी म्हणाल्या, माझंही पत्र छापून आलं होतं यात. लग्नानंतर दोन वर्षांनी, थंडीचे दिवस होते. कोणत्या वर्षी ते आठवत नाही. लग्न १९५२ चं. घरात कोणालाच हे ठाऊक नव्हतं. अंक सासरी होता, पुढे घर बदलताना गेला.

मी आणि मावशी दोन संध्याकाळी बसलो. १९५३ च्या खंडात नव्हतं. १९५४ चा खंड कडेने कसरीने खाल्लेला, एकेक पान हळू सोडवावं लागत होतं. डिसेंबरच्या अंकात उजव्या पानावर खाली सापडलं. नऊ ओळी. सुनेला दुपारचा एक तास स्वतःचा म्हणून मिळावा, त्या तासात तिने काय करावं हे कोणी विचारू नये, एवढंच म्हणणं होतं. खाली सौ., सासरचं आडनाव आणि गावाचं नाव.

फोटो पाठवला. रात्री नातीने आजींचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. आधी बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. मग आजी ते पत्र वाचतात, अडखळत, शेवटपर्यंत. मग म्हणतात, 'बाई, आणखी एक होतं. त्याच्यावर लोकांनी उत्तरंही लिहिली होती. थोरला रांगत होता तेव्हा.'

थोरल्याचा जन्म ऑक्टोबर १९५६ चा. म्हणजे दुसरं पत्र १९५७ चं असणार, आणि १९५७ चा खंड आमच्या संचात नाही. दाखल नोंदवहीत त्याचा अंक आहे, शेऱ्याच्या रकान्यात 'गहाळ' लिहिलंय, तारीख १९७१ ची.

हे वाचणाऱ्यांत कोणी ग्रंथपाल असाल, किंवा घरी माळ्यावर जुने 'स्त्री'चे अंक बांधून ठेवलेले असतील, तर १९५७ चा मे ते डिसेंबर एवढा भाग एकदा पाहा. सदर वाचकांच्या पत्रांचं, गावाचं नाव खाली असेल. आजींचं नाव मी इथं देत नाही, अंक तुमच्याकडे आहे असं कळवलंत तर सांगेन. पानं ठिसूळ असतील तर उलटू नका, तशीच ठेवा, मी येईन. गाडीभाडं आमचं वाचनालय देणार आहे, कार्यवाहांनी कालच्या सभेत मंजूर करून घेतलंय.